खुडूक कोंबडी आणि तिघींचं एकच खुराडं: तिथंच ठेवू की हलवू?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्यात कोल्हापूरजवळ वडणग्यात घरामागं एकच खुराडं आहे, विटांचं, वर पत्रा, आणि ते आमचं आणि दोन्ही चुलत जावांचं मिळून. कोंबड्या तिघींच्या, कोंबडा एकच. आता आमची ठिपक्यांची तलंग पहिल्यांदाच खुडूक झालीय, म्हणजे उबवायला बसलीय. अंडी घालायच्या क्रेटमध्येच ठाण मांडलंय, हात नेला की पिसं फुलवून कुरकुरते आणि टोचते.

अडचण अशी की त्याच क्रेटमध्ये बाकीच्या पण अंडी घालायला येतात. तिच्या अंगावर चढून बसतात, ढकलतात, अंडं घालून निघून जातात. संध्याकाळी बघावं तर खाली कालच्यापेक्षा जास्त अंडी, कुठलं जुनं कुठलं ताजं काही कळत नाही. परवा ती दाणे खायला उठली तर धाकट्या जावेची पांढरी कोंबडी तिच्या जागेवर जाऊन बसली, आणि ठिपकी परत आली ती सरळ शेजारच्या रिकाम्या क्रेटमध्ये. तिथं गवतावरच बसून राहिली बिचारी. मी उचलून परत ठेवली.

सासूबाई म्हणतात डालग्याखाली घालून घरात कोपऱ्यात ठेव. मोठ्या जाऊबाई म्हणतात जागा हलवली की कोंबडी रवण (उबवायला घातलेली अंडी) सोडते, हातच लावू नको. गेल्या उन्हाळ्यात मुंगसानं बऱ्याच कोंबड्या नेल्या, त्यामुळं मला पिल्लं काढायचीच आहेत. तर तिथंच ठेवू की हलवू? आणि तिथंच ठेवली तर बाकीच्यांपासून सांभाळू कशी? तिला आणि अंड्यांना काही होऊ नये एवढंच.

कागलकर

हलवा. डोळे झाकून हलवा. सामाईक खुराड्यात रवण कधी नीट निघत नाही.

चिमणी

वाचतेय. आमच्याकडं पण हाच ताप आहे.

उसाचं पाचट

वहिनी, तुमच्या सासूबाईंचं बरोबर हाय पण दिवसा हलवू नका, रात्री हलवा. अंधारात कोंबडीला दिसत नाही, गपगार असते. आधी नवीन जागा तयार करून ठेवायची: बुट्टीत तळाला थोडी माती, तिला मधी खोलगट करायचं, वर भाताचं पिंजर. त्यात दोन-तीन जुनी अंडी ठेवायची, नासली तरी चालतील अशी. रात्री कोंबडी दोन्ही हातानं पंख दाबून उचलायची, हळूच त्या अंड्यांवर ठेवायची, वरनं डालगं झाकायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंधार ठेवायचा. बसली तर बसली, मग त्या रात्री खरी अंडी घालायची. नाही बसली तर उठून येरझारा घालती, डालग्याला टोची मारती, लगेच कळतंय. चांगली अंडी पहिल्याच रात्री खाली घालू नका एवढं लक्षात ठेवा.

आणि अंडी विषम ठेवा, नऊ नाहीतर अकरा. आमची आई कधी जोडीनं ठेवत नव्हती.

रंकाळा फेरी

मी धागा उघडला तो पांढऱ्या रश्श्याची रेसिपी असेल म्हणून 😀

उसाचं पाचट

@रंकाळा फेरी, खुडूक कोंबडीच्या अंगावर काय असतंय भावा, वाळून कोळ झालेली असती. तुमचा रस्सा गोड लागायचा न्हाई. पिल्लं मोठी होऊ द्या, दसऱ्याला या.

गोठाडॉक्टर

पशुसंवर्धनात नोकरी केली, आता निवृत्त आहे, पन्हाळ्याच्या पायथ्याला राहतो. थोडं सविस्तर लिहितो.

खुडूक होणं हा आजार नाही. शरीरात प्रोलॅक्टिन वाढतं, अंडी घालणं थांबतं आणि कोंबडी उबवायला बसते. पोटाखालची पिसं विरळ होतात म्हणजे कातडीची ऊब थेट अंड्याला लागते. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. हे २१ दिवस सगळ्या अंड्यांचे एकत्र सुरू व्हायला पाहिजेत, आणि सामाईक खुराड्यातली खरी अडचण इथंच आहे. रोज कोणीतरी नवीन अंडं घालून गेलं तर प्रत्येकाची तारीख वेगळी. पहिली पिल्लं निघाली की कोंबडी एक-दोन दिवस थांबते आणि पिल्लं घेऊन उठते. मागं राहिलेल्या अंड्यात जीव तयार असला तरी तो थंड होऊन मरतो. रवणातनं निम्मीच पिल्लं निघाली म्हणून लोक कोंबडीला नावं ठेवतात, त्यात बऱ्याचदा कारण हे असतं.

म्हणून ताई, पहिलं काम: आत्ता खाली आहेत ती सगळी अंडी काढा. किती दिवस ऊब लागलीय माहीत नाही, ती खायलाही नकोत आणि उबवायलाही नकोत. त्या जागी दोन-तीन खोटी अंडी ठेवा, लाकडी, नाहीतर पिंगपाँगचे चेंडूसुद्धा चालतात. तिला फक्त खाली काहीतरी लागायला हवं. दरम्यान चांगली अंडी साठवा. आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न तडकलेली. टोकदार बाजू खाली करून, घरातल्या गार कोपऱ्यात. फ्रीजमध्ये नको. धुवायची नाहीत, धुतलं की कवचावरचा थर जातो आणि आत जंतू शिरतात. मग एकाच रात्री सगळी एकदम खाली. गावठी कोंबडीला १० ते १२ पुरे, अंगाबाहेर अंडं दिसता कामा नये. प्रत्येकावर पेन्सिलीनं गोल रेघ मारा. रोज संध्याकाळी बिनरेघेचं अंडं दिसलं की काढून घ्या, त्याच दिवशीचं असेल तर खायला काहीच हरकत नाही.

सम-विषमला शास्त्रीय आधार नाही, पण ज्याला ठेवायचं त्यानं ठेवावं, नुकसानही नाही.

भुईमूग

डॉक्टर काका, पेन्सिलचं लई भारी सांगितलासा. स्केचपेन चालंल का?

गोठाडॉक्टर

कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातनं हवा आत जाते. शाई कशाला, पेन्सिल नाहीतर कोळसा.

गगनबावडा एक्सप्रेस

माझं मत वेगळं आहे. हलवू नका. म्हणजे खुराड्याबाहेर नेऊ नका. आमच्याकडं पावसात चार महिने कोंबड्या बाहेरच पडत नाहीत, सगळ्या एकाच खुराड्यात, त्यामुळं हा प्रश्न आम्ही दरवर्षी सोडवतो. कोंबडी महिना-दीड महिना वेगळी ठेवली की बाकीच्या तिला विसरतात, परत आणली की नव्या कोंबडीसारखी टोचून काढतात, पिल्लांचं तर विचारू नका. त्यापेक्षा खुराड्यातच एका कोपऱ्यात जाळी मारून खोली करायची. ती बाकीच्यांना दिसते, बाकीच्या तिला दिसतात, कोण कोणाच्या अंगावर चढत नाही. पिल्लं पण जाळीच्या आतनं सगळ्यांना बघत मोठी होतात. जाळी अर्ध्या इंचाची घ्यावी, एक इंचाच्या जाळीतनं पिल्लू बाहेर जातंय आणि साप आत येतोय.

आणि खोली जमिनीवर करा. उंच क्रेटमध्ये रवण बसवलं तर पिल्लू निघाल्यावर खाली पडतं, त्याला परत चढता येत नाही, आई वर आणि पिल्लू खाली ओरडत बसतंय.

कागलकर

@गगनबावडा एक्सप्रेस, जाळी मारायला जागा तर पाहिजे. सगळ्यांची खुराडी तुमच्यासारखी मोठी नसतात. घरात डालग्याखाली ठेवली की नजरेसमोर राहते, मांजर नाही, मुंगूस नाही.

गगनबावडा एक्सप्रेस

मांजर घरात नसतं का? आमच्या घरात तर दोन आहेत.

चिमणी

घरात ठेवलं तर पिसवा होतात हो. आमच्यात एकदा माजघरात रवण घातलं होतं, सगळं घर खाजवत होतं. सासऱ्यांनी बुट्टीसकट बाहेर काढायला लावली.

निपाणीकर

पिसवांवर आमच्याकडं सोपा उपाय, रवणाच्या गवतात तंबाखूचे देठ नाहीतर चुरा घालतात. निपाणी भागात तंबाखूला काय तोटा? एक पिसू राहत नाही. पिढ्यानपिढ्या चालत आलंय.

गोठाडॉक्टर

निपाणीकर, कीड कमी होते हे खरं, निकोटीन कीडनाशकच आहे. पण तेच निकोटीन पिल्लालाही विष आहे. अंड्यातनं निघालेलं पिल्लू पहिल्या दिवसापासनं दिसेल त्याला चोच मारतं, चुरा खाल्ला तर गेलं. मी सांगेन की निरगुडीचा किंवा कडुनिंबाचा पाला गवताखाली घाला आणि खुराड्यात एका पाटीत चुलीची राख नि कोरडी माती ठेवा. कोंबडी उठली की त्यात अंग घोळते, पिसवा-उवा त्यानं बऱ्याच आटोक्यात राहतात. बसवायच्या आधी तिच्या पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी बघून घ्या. कीड आधीच भरपूर असेल तर ती २१ दिवस टिकत नाही, त्रासून उठते. लहान किडे रक्त पितात, बसल्या जागी कोंबडी पांढरी पडते, तुरा फिका दिसतो.

निपाणीकर

बरं, पिल्लांचं लक्षात नव्हतं आलं. अंडी फुटायच्या आधी गवत बदलतात आमच्यात, तरी पण सांगतो घरी.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. जागा आहे, खुराड्याच्या उजव्या कोपऱ्यात जुनी चूल होती तेवढा भाग रिकामा आहे. जाळीचं पटतंय मला, कारण ठिपकी मुळात भित्री आहे, परत आल्यावर पांढरी तिला जगू देणार नाही.

दोन शंका. ती दिवसभर उठतच नाही, उपाशी मरणार नाही ना? आणि वळिवाचा पाऊस सुरू झालाय, सासूबाई म्हणतात वीज कडाडली की अंडी नासतात, त्यात लोखंडी खिळा आणि कोळसा ठेव. ठेवू का?

उसाचं पाचट

ठेवा की. आमच्यात पण ठेवतात.

भुईमूग

आमच्यात विळा ठेवतात बुट्टीशेजारी 🙏

गोठाडॉक्टर

ठेवा, सासूबाईंचं मन राखलं जाईल, फक्त खिळा टोकदार नको आणि अंड्यांच्या मधे नको, बुट्टीच्या कडेला. विजेच्या आवाजानं अंड्यातला जीव मरत नाही. पण वळिवात अंडी जातात हेही खरं, त्याची कारणं वेगळी. पत्र्यावर गारा वाजल्या की कोंबडी दचकून उठते, पायाखाली अंडं फुटतं. पत्रा गळतो, गवत भिजतं, अंडी गार पडतात. शिवाय वळिवाच्या आधीचा उकाडा इतका असतो की पत्र्याखाली कोंबडी चोच उघडून धापा टाकते. आवाज आणि उकाडा, दोन्हीवर इलाज एकच: पत्र्यावर पाचटाचा नाहीतर पिंजराचा जाड थर टाका आणि वर दोरी बांधा. आवाजही कमी, उष्णताही कमी.

खाण्याचं: ती दिवसातनं एकदा उठते, पंधरा-वीस मिनिटं. खाते, पाणी पिते, राखेत लोळते, एकच मोठी घाण विष्ठा टाकते आणि परत. तुम्ही नसताना उठत असेल. दोन दिवस उठल्याची काहीच खूण दिसली नाही तर मात्र सकाळी स्वतः उचलून खाली ठेवा, उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते चाचपून. वजन थोडं उतरतं, ते चालतं. ज्वारी, मका असं सबंध धान्य ठेवा, पाणी बुट्टीपासून हातभर लांब. अगदी चोचीपुढं ठेवलं तर ती उठतच नाही आणि जागेवरच घाण करते. तेवढ्या वेळात अंडी गार होतात त्याची काळजी नको, निसर्गातही होतातच.

आज्जीचा नातू

थोडं वेगळं विचारतो. आमच्यात एकदम तीन खुडूक झाल्यात आणि आम्हाला पिल्लं नको आहेत, अंडी पाहिजेत. आज्जी म्हणते नाकात पीस खुपसून ठेवायचं, नाहीतर पाण्याच्या पिपात बुडवून काढायची. काय करू?

चिमणी

नाकात पीस 😟 नका हो करू असं.

पंचगंगाकाठ

कृपा करून पीस घालू नका. ती काय हट्ट म्हणून बसत नाही, अंगात आलेली ऊब आहे ती. लहानपणी शेजारी बघितलंय मी तसलं, कोंबडी दिवसभर मान झटकत फिरत होती, दाणा पण टिपत नव्हती.

गोठाडॉक्टर

ताईंशी सहमत. पीस घातलं की जखम होते, श्वासाला त्रास होतो. पाण्यात बुडवणं गारठ्यात जिवावर बेततं. साधा उपाय: तळाला जाळी असलेला पिंजरा घ्या, दोन विटांवर उंच ठेवा, खाली गवत काही नाही. दाणापाणी भरपूर, उजेड भरपूर. पोटाखालनं वारं लागलं की ऊब मोडते, तीन-चार दिवसांत बहुतेक उतरतात. आणि अंडी रोजच्या रोज उचला. दुसरं म्हणजे तीन खुडूक असल्या तर एखादी ज्यांना पाहिजे त्यांना द्या, कितीतरी लोक खुडूक कोंबडी शोधत फिरतात.

कागलकर

मला द्या! माझ्या आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड जातीच्या) कधी खुडूकच होत नाहीत. अंडी चिक्कार, पिल्लं शून्य.

गोठाडॉक्टर

निवडून निवडून त्यांच्यातली ती सवय कमी केलेली आहे, खुडूक कोंबडी अंडी देत नाही म्हणून. गावठी कोंबडीखाली त्यांची अंडी ठेवा, आपलं-परकं ती बघत नाही.

आज्जीचा नातू

कागलकर मेसेज करतो. एक न्या तुम्ही, दोघींना पिंजऱ्यात घालतो. आज्जीला सांगितलं, डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर ऐकली.

रंकाळा फेरी

एक बाळबोध प्रश्न. दुकानातली अंडी आणून ठेवली तर?

भुईमूग

पोल्ट्रीच्या अंड्यात कोंबडा कुठला आलाय. नुसती कुजतील.

प्रयाग चिखली

उशिरा आलो धाग्यावर. जाळी, जागा सगळं झालं, पण एक कोणी बोललं नाही. वडणगे म्हणजे आमच्या शेजारीच, तुमचं खुराडं जोत्यावर आहे का जमिनीलगत? २०१९ ला ऑगस्टमध्ये आणि २०२१ ला जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं सगळ्यांना माहीत आहे. आता बसवली तर पावसाच्या तोंडाला पिल्लं लहान असतील. पुराचं सोडा, नुसत्या मुरलेल्या पाण्यानं जमीन ओली राहिली तरी पिल्लांना रक्ती हगवण लागते. कोपऱ्यात विटांचा एक थर घालून वर तूस पसरा, तूस ओलं झालं की बदला. आणि घूस खालनं पोखरून येते, म्हणून विटांच्या खाली पण जाळीचा तुकडा घाला. मुंगसापेक्षा घुशीनं नेलेली अंडी जास्त असतात, नाव मुंगसाचं होतंय.

पंचगंगाकाठ

जोतं आहे पण बुटकं आहे. विटा आहेत पडलेल्या, थर घालून घेते. घुशीचं खरंय, बिळं दिसतात मागच्या भिंतीला.

आता घरातला प्रश्न. अंडी तिघींच्या कोंबड्यांची, कोंबडी माझी. पिल्लं कुणाची? धाकटी जाऊ आत्ताच म्हणाली माझ्या पांढरीची चार अंडी आहेत त्यात. मला भांडण नकोय, पण आधीच ठरलेलं बरं.

उसाचं पाचट

वाट्यानं करा. आमच्याकडं अर्धलीचीच पद्धत आहे. ज्याची कोंबडी बसली आणि ज्यानं सांभाळलं त्याला निम्मी, अंडी देणाऱ्याला निम्मी. अंडी दोघींची असली तर त्या निम्म्यात त्यांनी वाटून घ्यायची. आणि वाटणी पिल्लं निघाल्या दिवशी करायची नाही, आईनं टोचून लांब केल्यावर करायची. तोवर जेवढी जगली तेवढी सगळ्यांची. नाहीतर घारीनं नेलेलं पिल्लू कुणाचं यावरनं भावकी मोडती.

गगनबावडा एक्सप्रेस

+१. आणि अंड्यावर रेघ मारताना कुणाच्या कोंबडीचं ते पण लिहा, जमत असेल तर.

कागलकर

अंड्यावर सातबारा 😂

चिमणी

माझी एक शंका. अंड्यात जीव धरलाय का ते मधेच कळतं का? आमची आज्जी उन्हात धरून बघायची.

गोठाडॉक्टर

कळतं. सातव्या-आठव्या दिवशी रात्री, कोंबडी न उठवता एकेक अंडं काढून बॅटरीच्या उजेडावर धरा. लाल शिरांचं जाळं आणि मधे काळा ठिपका दिसला तर जिवंत. नुसतं पिवळसर स्वच्छ दिसलं तर वांझ, काढून टाका, जागा मोकळी होते आणि बाकीच्यांना ऊब नीट लागते. वास येणारं किंवा पाझरणारं अंडं दिसलं तर लगेच काढा, आत फुटलं तर सगळं रवण नासतं. अठराव्या दिवसानंतर मात्र अजिबात हात लावायचा नाही. पिल्लू आतनं टोचायला लागल्यावर कवच सोलून मदत करायचा मोह होतो, करू नका. पहिली टोची मारल्यावर बाहेर यायला त्याला दिवसभर लागू शकतो, तेवढ्यात ते उरलेला बलक आणि रक्त ओढून घेत असतं. त्या दिवसांत लाल मुंग्या मात्र बघा, ओल्या पिल्लाला लागतात. बुट्टीच्या भोवती राखेचं कडं करा.

पंचगंगाकाठ

सांगायला आले. जाळी मारून झाली, मालकांनी आणि पुतण्यानं मिळून मारली, दार पण केलंय सुतळीचं. पत्र्यावर पाचट टाकलं. काल रात्री ठिपकीला नव्या बुट्टीत ठेवलं दोन लाकडी अंड्यांवर, सकाळी बघितलं तर बसलेली, हात नेल्यावर टोचली! सासूबाईंचा खिळा कडेला ठेवलाय. आज रात्री खरी अंडी घालणार, मोठ्या जाऊबाई स्वतः पेन्सिल घेऊन बसल्यात, आधी हात लावू नको म्हणणाऱ्या त्याच. वाटणी अर्धलीनं ठरली.

पांढरी जाळीपाशी येऊन फेऱ्या मारते आणि ओरडते, तिची अंडी घालायची जागा गेली म्हणून. तिला दुसरा क्रेट दिलाय पण ती त्यात जात नाही.

गगनबावडा एक्सप्रेस

त्या क्रेटमध्ये एक लाकडी अंडं टाका आणि जुन्या क्रेटमधलं गवत त्यात घाला. जाईल दोन दिवसांत.

कागलकर

मी अजून म्हणतो घरात ठेवलेलं बरं होतं. पण बसलीय तर आता हलवू नका.

गोठाडॉक्टर

छान केलंत. तारीख भिंतीवर लिहून ठेवा. पिल्लं निघाल्यावर पहिला दिवस खाणं नाही मिळालं तरी घाबरू नका, पोटात बलक असतो. मग बारीक कणी, मक्याचा भरडा किंवा स्टार्टर (पिल्लांचं तयार खाद्य), आणि पाणी उथळ ताटलीत खडे टाकून, नाहीतर बुडतात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, डोळ्यात एक थेंब. मानमोडीनं सगळं खुराडं एका आठवड्यात रिकामं होतं, आणि सामाईक खुराड्यात तर एकीला झाली की सगळ्यांना.

प्रयाग चिखली

लासोटाची बाटली निदान शंभर डोसची येते, आणि एकदा मिसळली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. एका घरासाठी फोडली की निम्म्याहून जास्त वाया. वडणगे, चिखली, आंबेवाडी भागातले कोण कोण आहात? तारखा जुळत असतील तर एकच बाटली बर्फाच्या डब्यातनं आणू, सकाळी लवकर सगळीकडं फिरून देऊ.

पंचगंगाकाठ

मी आहे. आमच्या तिघींची मिळून धरा. अंडी आज घातली की तारीख कळवते.

चिमणी

आम्ही शिये. चालत असेल तर आमची पण धरा, आमची उद्या बसवतोय.

प्रयाग चिखली

शिये वाटेवरच आहे, धरलं. अजून कोण?